अंधाराचा अर्धा तास

माझा प्रयोग अंधारात सुरू होतो. काचेच्या भांड्यात रंगीत पाणी घ्यायचं, त्यात चिमूटभर पूड टाकायची, ढवळणारं यंत्र चालू करायचं आणि वरून काळं कापड पांघरून अर्धा तास गप्प बसायचं. पुडीला जेवढा रंग नुसता चिकटणार असतो, तेवढा या अर्ध्या तासात चिकटून घेतो. मग दिवा लावायचा. त्यानंतर जो रंग जाईल तो उजेडाने मोडला, पुडीला चिकटून लपला नाही, असं छातीठोकपणे सांगता येतं. हा अर्धा तास न पाळता "रंग गेला, रंग गेला" म्हणून नाचणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातल्या दोघांना बढतीही मिळाली.

पूड माझी स्वतःची, विटकरी रंगाची. लँथॅनम आणि लोखंड यांचा ऑक्साइड. तिच्यातल्या अणूंची जी ठरावीक बैठक असते तिला पेरोव्हस्काइट म्हणतात. हे नाव ऐकलं की लोक मी एखाद्या दुखण्याचं नाव सांगितल्यासारखा चेहरा करतात, म्हणून हल्ली मी "पूड" एवढंच म्हणते. बाजारात जी पांढरी पूड मिळते तिला अतिनील किरणं लागतात आणि उन्हात ती असतात चिमूटभर. माझ्या पुडीला साधा डोळ्यांना दिसणारा उजेड पुरतो. उजेड पडला की तिच्यातला इलेक्ट्रॉन जागा सोडून उठतो, रिकाम्या जागेची आणि त्याची मिळून पाण्यात अशी काही झटापट सुरू होते की तिथे जवळपास असलेल्या रंगाचे तुकडे होतात. एकोणीस वर्षं मी हेच करतेय. शुद्ध पाण्यात शुद्ध रंग घातला तर पूड गुणाची आहे. खऱ्या घाण पाण्यात मात्र ती कधीच धड चालली नाही, आणि हे मी माझ्या निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात, जिथे कोणी वाचत नाही तिथे, प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे.

एकेकाळी आमच्या प्रयोगशाळेत सहाजण होते. सर निवृत्त झाले, दोघी लग्न होऊन गेल्या, दोघे दुसऱ्या देशात गेले. स्टुलं सहाच्या सहा राहिली. मी रोज वेगळ्या स्टुलावर बसून पाहिलं, पण त्याने गर्दी झाल्यासारखं काही वाटत नाही. एकदा मी दिवसभरात मोठ्याने बोललेली वाक्यं मोजली. चार भरली, त्यातली दोन फाटकावरच्या रखवालदाराशी होती. माझा स्वभाव तिरसट आहे, माणसं टिकत नाहीत, हे मला कळतं. कळून उपयोग झाला नाही.

दादा आला तो मंगळवारी. खालून रखवालदाराचा फोन आला.

"मॅडम, एक रंगारी आलेत. हातात कॅन आहे. कामाच्या रकान्यात काय लिहू?"

आमच्या रखवालदाराचा जीव त्याच्या नोंदवहीत आहे. नाव, व्यवसाय, काम, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. एकही रकाना रिकामा राहिलेला त्याला खपत नाही. मी म्हटलं, विचार त्यांनाच. पलीकडून दादाचा आवाज आला, "पाण्याचा नमुना लिहा." सहा वर्षांनी ऐकलेला आवाज आणि पहिलं वाक्य ते.

बाबा कापड रंगवायचे, दादाही रंगवतो. घरामागे आमचा रंगखाना. सहा वर्षांपूर्वी मी ओढ्याच्या पाण्याची तपासणी केली होती, कुठल्या नाल्यातून किती रंग येतो याची. पाचव्या नाल्यापाशी पोचले तेव्हा तो आमचा आहे हे मला आकडे येण्याआधीच माहीत होतं. आकडे आले ते तसेच लिहिले. रंगखाना चार महिने बंद राहिला. बाबा ऐंशीचे होते, रोज सकाळी हौदाशेजारी खुर्ची टाकून बसायचे. बंद काळात ते उठेनासे झाले आणि चौथ्या महिन्यात गेले. सगळं आटोपल्यावर दादा मला एवढंच म्हणाला, "झाला ना अहवाल पूर्ण तुझा?" त्यानंतर बोलणं नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली तेव्हा मी दारापर्यंत गेले होते. त्याने मला पाहिलं आणि कोणाला तरी पाणी द्यायला आत वळला. मी तशीच परत आले.

तोच दादा आता दारात उभा होता, केस पांढरे झालेले, नखांच्या कडांना नेहमीचा निळा रंग.

"तपासणीवाल्यांनी शेवटची नोटीस दिलीय," तो म्हणाला. "तीन महिन्यांत पाणी साफ करा नाहीतर काम बंद. मागे कोणीतरी सांगितलं, तुझी कसलीशी पूड आहे."

"आहे."

"चालेल?"

"बघू."

मी पाणी भांड्यात ओतलं, पूड टाकली, काळं कापड घातलं. "आता अर्धा तास काही करायचं नाही," असं सांगितल्यावर तो गोंधळला. इतका वेळ आम्ही एका खोलीत करणार काय, हा प्रश्न दोघांच्याही तोंडावर होता. मग मी चहा ठेवला. पहिल्या दिवशी आम्ही चहा पिताना खिडकीबाहेर बघितलं. ढवळणाऱ्या यंत्राची घरघर होती म्हणून बरं. अर्धा तास झाल्यावर तो उठला, कामं आहेत म्हणाला, आणि शुक्रवारी दुसरा कॅन आणायचं ठरलं.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार. तो अंधाराच्या अर्ध्या तासापुरता थांबायचा आणि दिवा लागायच्या आत निघायचा. तिसऱ्या कॅनला तो बोलायला लागला. त्याची मुलगी लांब असते, फोनवर नेहमी घाईत असते. गुडघा दुखतो. वहिनी गेल्यापासून तो एकच भाजी तीन दिवस खातो. "आणि तू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी चार दिवस." तो हसला. लहानपणी हसायचा तसा, खांदे हलवून. पाचव्या कॅनला तो मला "धाकटे" म्हणाला. या नावाने हाक मारणारं जगात आणखी कोणी उरलेलं नाही. त्याने काय विचारलं होतं ते मला नीट ऐकूच आलं नाही, त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

इकडे पाणी काही बधत नव्हतं. कापडात रंग शिरावा म्हणून रंगारी हौदात मीठ घालतात, मूठभर नव्हे, पोत्याने. तो पक्का बसावा म्हणून सोडा. उजेडाने पुडीतून जी ताकद निघते ती रंगापर्यंत पोचायच्या आधी हे मीठ आणि सोडाच फस्त करून टाकतात. मी पूड वाढवली, दिवा वाढवला, तीन तासांचे सहा तास केले. पाणी जांभळं ते जांभळंच. पाचव्या कॅननंतर मी हात टेकले. या पाण्यात ही पूड चालणार नाही. नोटिशीची मुदत संपायला दोन महिन्यांहून जास्त वेळ होता. दादाला तेव्हाच सांगायला हवं होतं, म्हणजे त्याने दुसरी काही सोय पाहिली असती.

मी सांगितलं नाही. शुक्रवारी, सहाव्या कॅनच्या वेळी, तो समोर कप घेऊन बसला होता आणि त्याने विचारलं, "जमेलसं वाटतं का?"

"बघू," मी म्हटलं. "आणखी काही नमुने लागतील."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली.

कारण सरळ होतं. नाही म्हटलं असतं तर मंगळवारी तो आला नसता. त्यासाठी मी माझ्या सख्ख्या भावाला टांगून ठेवलं. ओढ्याबाबत खरं लिहून मी बाबांना गमावलं असं मनात कुठेतरी होतंच, आता खोटं बोलून दादाला धरून ठेवत होते. सातव्या कॅनपासून तर मी प्रयोगही करेनाशी झाले. तो असेपर्यंत भांडं ढवळत राहायचं, काळं कापड, चहा, सगळं साग्रसंगीत. तो गेला की यंत्र बंद. उरलेल्या पाण्याच्या कॅनवर आकडा आणि तारीख लिहून फळीवर ठेवून द्यायची. सात, आठ, नऊ, दहा, अकरा. त्या अर्ध्या तासांत आम्ही बाबांबद्दल बोललो, वहिनीबद्दल बोललो. दहाव्याच्या दिवशी त्याने सांगितलं की वहिनीच्या वेळी मला पाहून त्याला इतकं रडू यायला लागलं की तो आत पळाला. मी इतकी वर्षं दुसरंच समजून बसले होते.

बाराव्या कॅनच्या दिवशी चहा झाला, अर्धा तास झाला, आणि दादा उठला नाही.

"आज बघतोच मी," तो म्हणाला. "इतके दिवस येतोय, दिवा कसा लागतो तेपण पाहिलं नाही."

आता दिवा लावावा लागणार, रंग जाणार नाही, आणि त्याला विचारावंसं वाटणार की एवढे दिवस मग तू काय करत होतीस. पण टाळायला काही कारण नव्हतं. मी कापड काढलं. अंधारानंतरचा नमुना मोजला. रंग जागच्या जागी होता, पुडीने जेमतेम घोटभर घेतलेला. दिवा लावला.

पंधरा मिनिटांनी मी पुन्हा नमुना काढला, यंत्रात गरगर फिरवून पूड खाली बसवली, मोजला. आकडा खाली आला होता. वाटलं, माझीच चूक. तीस मिनिटांनी आणखी खाली. पाऊण तासाला भांड्यातलं पाणी उघड्या डोळ्यांना फिकं दिसायला लागलं. दीड तासाने ढवळणं थांबवलं तर वरचं पाणी काचेसारखं झालं होतं आणि तळाशी माझी विटकरी पूड दिसत होती. एकोणीस वर्षांत खऱ्या पाण्यात हे पहिल्यांदा होत होतं. मी दादाकडे वळले. त्याचा चेहरा पडला होता.

"मग झालं म्हणायचं?" तो म्हणाला.

"झालंच की. पण कसं झालं ते..." म्हणता म्हणता मी सवयीने क्षार मोजायची पेन उचलली आणि उरलेल्या कॅनमध्ये बुडवली. आधीच्या पाण्यात ही पेन आकडा दाखवायचीच नाही, तिच्या मापाबाहेर जाईल इतकं मीठ. आता तिने जो आकडा दाखवला तो नळाच्या पाण्याचा होता. मी पेन धुतली, पुन्हा बुडवली. तोच.

"यात मीठ नाहीये," मी म्हटलं. "सोडा पण नाही."

दादाने कॅनचं झाकण उचलून हातात फिरवलं.

"हे हौदातलं पाणी नाही. नळाच्या पाण्यात रंग कालवून आणलायस तू."

"हो," तो म्हणाला.

"म्हणजे पास करून घ्यायचं होतं माझ्याकडून. माझी सही हवी होती तुला. आणि मी वेडी..." पुढचं मला आठवतं आणि लिहवत नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगते. मी म्हटलं, बाबांनी असं कधी केलं नसतं.

तो उठला, कॅन उचलला, आणि दार हळू लावून गेला. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचा मंगळवार गेला, शुक्रवार गेला. मी रागात होते आणि राग फार सोयीचा होता, कारण त्याच्याखाली माझं खोटं झाकून जात होतं. त्याने फसवलं, बस्स. अर्धा तास आला की मी एकटीसाठी चहा ठेवायचे आणि दोन कप भरून निघायचा. दुसरा कप मोरीत ओतताना मला स्वतःचीच लाज वाटायची.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी आत शिरताना रखवालदाराने थांबवलं.

"मॅडम, ते रंगारी येऊन गेले काल. सांगायचं राहिलं."

"मग वर का नाही पाठवलं?"

"कॅन नव्हता ना हातात. म्हटलं, मग कामाच्या रकान्यात काय लिहू? ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, राहू द्या. गेले परत."

मी वर आले आणि कोट न घालताच फळीवरचे कॅन खाली काढले. सातव्यात पेन बुडवली. नळाचं पाणी. आठव्यात, तेच. नववा, दहावा, अकरावा, सगळे तसेच. ज्याला सही हवी असते तो असं बनावट पाणी एकदा आणतो, निकाल विचारतो, मागे लागतो. दादाने तीन आठवडे निकाल एकदाही विचारला नव्हता. रंग गेला तेव्हा त्याचा चेहरा का पडला होता ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी स्टुलावर बसले. कुठल्या स्टुलावर ते पाहिलं नाही.

मी भांड्यातलं बाराव्या कॅनचं साफ पाणी गाळून बाटलीत भरलं आणि निघाले.

रंगखान्याला बाहेरून कुलूप नव्हतं, पण हौद कोरडे होते. काठावर रंगाच्या रेघा वाळून तडकलेल्या. शेजारच्या कारखान्यातला सुतार करवत थांबवून म्हणाला, "बंद करून महिना उलटला. मुदत बाकी होती, तरी स्वतःच बंद केला. मला म्हणाले, ते पाणी साफ व्हायचं नाही, मग ओढ्यात कशाला सोडायचं."

"त्यांना कोणी सांगितलं, साफ व्हायचं नाही म्हणून?"

"बहिणीने म्हणे." सुताराने माझ्याकडे नीट पाहिलं. "आठवड्यातून दोनदा मात्र नळाखाली बसून एका कॅनमध्ये रंग कालवायचे. तासभर लागायचा त्यांना. थोडा रंग, थोडं पाणी, उजेडात धरून बघायचे, पुन्हा थोडा रंग. मी विचारलं एकदा, काम बंद आणि रंग कुणासाठी? म्हणाले, हुबेहूब उतरायला पाहिजे, ती हुशार आहे."

दादा आत होता, बाबांच्या खुर्चीशेजारी लाकडी खोक्यावर बसलेला. खुर्चीवर तो बसत नाही. मला पाहून उठायला लागला, गुडघ्याने दगा दिला, परत बसला.

"मी तुला कधी सांगितलं, पाणी साफ होणार नाही म्हणून?" मी उभ्यानेच विचारलं.

"बघू म्हणालीस की."

"मग?"

"लहानपणापासून तू बघू म्हणालीस की नाहीच असतं. पहिल्या दिवशी म्हणालीस, तेव्हा म्हटलं, करेल प्रयत्न. सहाव्या कॅनला परत म्हणालीस. मी घरी आलो आणि हौद रिकामे केले. सगळं पाणी पिंपांत भरून, पदरचे पैसे मोजून सार्वजनिक शुद्धीकरण केंद्रावर पाठवलं, ओढ्यात थेंब सोडला नाही." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "मग मंगळवार आला. आणायला पाणीच नव्हतं. कॅनशिवाय तुझ्याकडे काय म्हणून यायचं, ते सुचेना."

"मला तेव्हाच माहीत होतं, जमणार नाही ते," मी म्हटलं. "सातव्यापासून मी दिवा लावलाच नाही. तू गेलास की यंत्र बंद करायचे. तू यायचं थांबशील म्हणून सांगितलं नाही. आणि वर तुलाच लबाड म्हटलं."

सुताराची करवत चालू झाली, थांबली. मी पिशवीतून बाटली काढून त्याच्या हातात दिली. बाबा धुण्याचं शेवटचं पाणी पेल्यात घेऊन पांढऱ्या फडक्यावर धरायचे आणि फडकं फडक्यासारखं दिसलं तरच कापड वाळत घालू द्यायचे. दादाने खुंटीवरचं तेच फडकं ओढलं, बाटली त्याच्यावर धरली, एक डोळा मिटला.

"साफ आहे," तो म्हणाला.

"नळाचं पाणी ते. त्यात काय साफ व्हायचंय."

"रंग मात्र मी मापात घातला होता."

"हुबेहूब होता," मी म्हटलं. "तीन आठवडे मला पत्ता लागला नाही." हे ऐकून त्याला जो आनंद झाला तो लपवता आला नाही त्याला. आणि मग मला रडू आलं, सहा वर्षांचं, आणि तो खोक्यावरून सरकून मला जागा करून देत राहिला.

रंगखाना पुन्हा सुरू होणार नाही. माझी पूड अजूनही मिठाच्या पाण्यात चालत नाही. निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात मला आता आणखी दोन ओळी लिहायच्या आहेत.

शुक्रवारी मी वेळ झाल्यावर फाटकापाशी जाऊन उभी राहिले. दादा आला, हात मोकळे सोडून, आणि ते कुठे ठेवावेत हे न समजल्यासारखा चालत. रखवालदाराने वही पुढे ओढली, नाव लिहिलं, व्यवसायापाशी थांबला. दादा म्हणाला, "रंगारीच लिहा."

"काम?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी रखवालदाराच्या हातातली पेन घेतली आणि रकान्यात लिहिलं, "बहिणीला भेटणे."

रखवालदाराने ते दोनदा वाचलं. मग आत आल्याची वेळ घातली आणि शेजारच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, "अंदाजे किती वेळ लागेल याला?"

"वेळ लागेल," दादा म्हणाला.

रखवालदाराने तो रकाना रिकामा ठेवला.